साताऱ्यात शिवलेली सुती लपण, कुमाऊंच्या वणव्याच्या मोसमात वापरून

पक्ष्यांचे फोटो काढायला लपण, म्हणजे आत लपून बसायचा कापडी आडोसा, घ्यायची म्हटलं की सगळे ऑनलाइन मिळणाऱ्या नायलॉनच्या तंबूकडे बोट दाखवतात. हलका असतो, मिनिटात उघडतो, हे खरंच आहे. मी मात्र साताऱ्यातल्या एका ताडपत्रीवाल्या मामांकडून शिवून घेतलेली सुती लपण वापरते. आधी ठोसेघर-चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, वापरली आणि या वसंतात थेट कुमाऊंला नेली, उत्तराखंडातल्या अल्मोडा जिल्ह्यात, ऐन वणव्याच्या मोसमात. तिकडून आल्यापासून "कुठून घेतलीस?" विचारणारे फोन थांबत नाहीत, म्हणून एकदाच सविस्तर.

दुकान राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे येताना खालच्या रस्त्याच्या एका बोळात आहे. पाटी नाही. दारात ट्रॉलीच्या ताडपत्र्यांच्या घड्या, आत मांडवाचं कापड आणि जाड कापड शिवायचं एक जुनं पायमशीन. मामा आणि त्यांचा पुतण्या, दोघंच. माझा पोटापाण्याचा धंदा लग्नाच्या फोटोंचा, त्यामुळे स्टुडिओचे पडदे शिवायला मी तिथे जात होतेच. लपणीचं चित्र कागदावर काढून दिलं तेव्हा मामांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "ताई, ह्यात बसून कुनावर पाळत ठेवायची हाय?"

त्यांनी आधी मेण लावलेली ताडपत्री काढली. "थेंबसुदिक आत येनार न्हाय बगा." ट्रकवर टाकायला ती उत्तमच. पण माझं बसणं फाल्गुन-चैत्रात, वाळलेल्या गवतात. मेणाच्या कापडावर ठिणगी पडली की मेणच जळण होतं. म्हणून बिनमेणाचं डक, म्हणजे जाड विणीचं सुती कापड, घेतलं, साडेतीनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचं, आतून मांजरपाटाचं अस्तर. सगळीकडे दुहेरी टीप, कोपऱ्यांना नेवार, नेवारीत पितळी रिंगा. वेल्क्रो नको म्हणून सांगितलं, कारण त्याच्या चर्र आवाजाने अर्धा ओढा रिकामा होतो. त्याऐवजी बटणं आणि नाड्या. सांगाडा आमच्या गावाकडच्या कळकाचा, चार काठ्या, वरती एकत्र बांधायच्या. सोबत त्याच कापडाची लेन्स टेकवायची उशी, रिकामीच, तोंडाला नाडी लावून.

रंग मी घरी दिला. आधी कापडाची खळ जाईपर्यंत धुतलं, मग कावेच्या पाण्यात भिजवून वाळवलं. हाताला अजून थोडा रंग लागतो, पण सड्यावरच्या जांभ्या दगडाशी असा मिसळतो की गुरं राखणारी पोरं पार जवळून जाऊनही थांबत नाहीत.

आता वापराचं. आपल्याकडचा वसंत फोटोवाल्याला दोन्हीकडून ओढतो. पांगारा, पळस, काटेसावर फुललेले असतात, हरेवा आणि शिंजीर चोचीला पराग माखून फिरत असतात, पळसमैनांचे थवे परतीच्या वाटेवर असतात. आणि त्याच दिवसांत लग्नाचे मुहूर्त आणि त्याच दिवसांत वणवे. यवतेश्वराच्या घाटात, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर संध्याकाळी तांबडी रेघ दिसली नाही असा उन्हाळा मला आठवत नाही. वणवा लावला की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं, ही समजूत अजून गेलेली नाही. टिटवी, चंडोल, रातवा यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, ती त्या गवताबरोबर जातात. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच नाही उभ्या, वारा तुफान असतो. नायलॉन त्या वाऱ्यात सतत फडफडतं आणि टिटवी त्या आवाजाला कधीच सरावत नाही. डक जड असल्यामुळे गप्प बसतं. माझ्या मते लपणीचा पहिला गुण हाच, दिसणं-न दिसणं त्यानंतरचं.

पण तिची खरी परीक्षा कुमाऊंत झाली.

तिकडे साधारण ५०० ते २००० मीटरच्या पट्ट्यात चिडाचं, म्हणजे तिकडच्या पाइनचं, राज्य, त्याच्या वर बांज (म्हणजे ओक) आणि बुरांश (म्हणजे लाल फुलांचं रोडोडेंड्रॉन). मी पोचले तेव्हा खालचे बुरांश सरत आले होते. चिडाच्या सुया तिनाच्या जुडग्यात, वीतभराहून लांब, आणि मार्चपासून त्या गळत राहतात. गळलेल्या सुयांना पिरूल म्हणतात. पायाखाली इतका जाड थर की उतारावर चप्पल ठरत नाही. मी तर काठीशिवाय चाललेच नाही. त्यात राळेचं तेल, वरून उन्हाळी कोरडा वारा. लीसा, म्हणजे राळ, काढण्यासाठी खोडाला घातलेल्या खाचा असतात, आग बुंध्याशी आली की तिथूनच वर चढते. मोठ्या चिडाची साल जाड असते, तो बहुतेक वेळा वाचतो. बांजाची रोपं वाचत नाहीत, आणि जळलेल्या जागेवर पुन्हा चीडच उगवून येतो. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा काळ धरतं, म्हणजे वसंत अख्खा त्यातच.

लपण मी अभयारण्यात नाही, जिथे उतरले त्या दीदींच्या घरच्या शेतात लावली होती. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, कडेला एक नौला, म्हणजे दगडात बांधलेलं झऱ्याचं पाणी. उन्हाळ्यात पाण्याचं ठिकाण हेच, त्यामुळे पक्षी आपणहून येतात, दाणे टाकून बोलवावं लागत नाही. निळी शीळवाली कस्तुरी, लाल चोचीचा निळा मॅगपाय, हिमालयीन बुलबुल, आणि सकाळी सकाळी पिरूल उकरत येणारी कालिजची, म्हणजे कोंबडीएवढ्या डोंगरी फेझंटची, जोडी. कावेचा रंग मी सड्यासाठी दिला होता. पिरूलही तसाच तांबूस-तपकिरी निघाला. कालिजची मादी लपणीला जवळजवळ घासून गेली. कॅमेरा मागे घ्यावा लागला, फोकसच बसेना.

उशी तिथल्या मडुव्याने भरली, म्हणजे आपल्या नाचणीने. प्रवासात वजन नाही आणि काम झाल्यावर धान्य परत दीदींच्या डब्यात. कल्पना झकास, फक्त माकडांनाही ती तितकीच आवडली. नंतर नौल्याजवळची वाळू भरली.

एका दुपारी समोरच्या उतारावर धूर दिसला. मध्ये दरी होती, त्यामुळे मी लगेच उठले नाही. पहिला फटका फोटोंना बसला. तापलेल्या हवेतून लांबच्या लेन्सने काढलेलं काहीही तीक्ष्ण येत नाही, पिसं लोण्यासारखी दिसतात, आणि त्यावर हजारोंचा फिल्टर काही करू शकत नाही. मग वारा फिरला. राख आली आणि राखेबरोबर अर्धवट जळलेल्या सुया. घरातल्या बायका आणि वनपंचायतीची माणसं हिरव्या फांद्या घेऊन शेताच्या कडेला उभी राहिली, पिरूल ओढून जमीन उघडी करायला लागली. अगदी आपल्याकडे निरगुडीच्या डहाळ्यांनी वणवा झोडपतात तसंच. मी लपण उतरवून ओल्या जमिनीवर टाकली आणि त्यांना हात दिला.

आग आमच्या बाजूला आली नाही. संध्याकाळी कापड उलगडून बघितलं तर छतावर ज्वारीच्या दाण्याएवढी करपलेली भोकं, आतलं अस्तर शाबूत. एक कड धुमसत होती, ती चिमटीने विझली. माझ्या सॅकवरचं नायलॉनचं आवरण मात्र वितळून सॅकला चिकटलं होतं. नायलॉन प्रकारानुसार २२० ते २६० अंशांना वितळतं, आणि वितळलेला थेंब कातडीवर पडला तर निघत नाही. सूत वितळत नाही, करपतं. तरी स्पष्ट सांगते, ही लपण म्हणजे आगीपासून बचाव नव्हे. सूत आतल्या आत धुमसत राहतं आणि कळतही नाही. धूर तुमच्या उतारावर असेल तर लपण तिथेच टाकून निघा.

दीदींच्या अंगणातून बिनसरचा डोंगर दिसतो. जून २०२४ मध्ये तिथल्या अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी त्याच दिवशी मरण पावले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नैनीतालजवळच्या आगीसाठी हवाई दलाचं हेलिकॉप्टर भीमतालच्या तळ्यातून पाणी उचलत होतं, ते आपण टीव्हीवर बघितलं. दीदी बिनसरबद्दल बोलल्या तेव्हा त्यांच्या नवऱ्याचा एक मित्र त्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने गेला होता एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. हे का लिहिते, तर वणव्याच्या कडेला कोतवाल आणि घारी पळणाऱ्या किड्यांवर तुटून पडतात, तो फोटो सगळ्यांनाच हवा असतो, मलाही. पण तो काढायला उतारावर आगीच्या वरच्या बाजूला उभं राहणारे लोक मी साताऱ्यातही बघितलेत. आग चढावर धावते. अशा फोटोला कुणी लाइक देत असेल तर देवो, मी देत नाही.

आता तक्रारी, त्या आहेत. कळकासकट वजन सहा किलोच्या पुढे जातं. रेल्वेने दिल्ली, तिथून काठगोदाम, पुढे जीप, इथपर्यंत ठीक. काठ्या मी घरीच ठेवल्या आणि तिकडे रिंगाळाच्या, म्हणजे डोंगरी बारीक बांबूच्या, मिळाल्या. पण पाठीवर घेऊन तासभर चढायचं असेल तर विचार करा. दुसरी तक्रार पाण्याची. एका दुपारी गारांसकट पाऊस आला, तर कापड आधी झिरपलं, मग धागे फुगून घट्ट झालं, पण आतून डोकं जिथे टेकलं तिथून धार लागली. ओल्या लपणीचं वजन हमालाला विचारा. वाळायला दीड दिवस गेला. महाबळेश्वरला जुलैत बसायचं असेल तर ही लपण तुमच्यासाठी नाहीच.

तिसरी तक्रार मामांबद्दल. मुख्य खिडकी त्यांनी मी सांगितल्यापेक्षा चार बोटं वर पाडली, कारण "खाली वाकून बसायला लागंल न्हाय का?" लागणारच, जमिनीवरच्या पक्ष्यासाठी डोळा जमिनीलगतच हवा. पुतण्याने ती नंतर खाली घेतली, जास्तीचे पैसे न घेता, पण माझा एक रविवार त्यात गेला.

मला उशीसकट ३,८०० रुपये पडले, कळक वेगळा. ठिगळं मामा फुकट लावून देतात. कुमाऊंची भोकं दाखवली तेव्हा त्यांनी ती बोटाने चाचपली आणि "आता पटलं, मेन नको ते" म्हणाले. सड्यावर, माळावर, चिडाच्या जंगलात, कोरड्या हवेत बसणाऱ्याला मी पाचपैकी चार गुण देऊन सांगेन, घ्या.

ऑर्डर होळीच्या आधी द्या. त्यानंतर मांडवांची कामं सुरू होतात, त्यामागून पावसाळी ताडपत्र्या, आणि मग मामा फोनच उचलत नाहीत. खिडकीचं माप जमिनीपासून इंचात कागदावर लिहून द्या आणि तो कागद मामांना नको, पुतण्याच्या हातात द्या.