अंगण जमिनीवर की गच्चीवर? बेलापूर आणि तारा

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या दोन वसाहती शेजारी ठेवून बघाव्यात. दिल्लीतली तारा सोसायटी १९७५-७८ ची, नवी मुंबईतल्या बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज १९८३-८६ चं. उंच टॉवर दोन्हीकडे नाही, पण स्वतःचं आकाश प्रत्येक घराला आहे.

तारामध्ये दुमजली घरं एकमेकांवर रचलेली. घर अरुंद आणि लांबट, म्हणजे मधल्या खोलीत अंधार ठरलेलाच. त्यावर उपाय म्हणजे घरोघरची गच्ची आणि तिच्यावरचं पर्गोला, म्हणजे उघड्या पट्ट्यांचं छप्पर. हिवाळ्यात तिथे ऊन खात बसावं, उन्हाळ्यात पट्ट्यापट्ट्यांची सावली घ्यावी. दिल्लीच्या कोरड्या हवेला हे चपखल बसतं. कोकणच्या पावसात मात्र पर्गोलाखाली बसलात तर चहात पाणी!

बेलापुरात अंगण थेट जमिनीवर. सात घरांमध्ये आठ बाय आठ मीटरचा सामाईक चौक, शिवाय ज्याचं त्याचं परसू. घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून नाही. त्यामुळे हवा खेळती राहते आणि खोली वाढवायला शेजाऱ्याला विचारावं लागत नाही. ही मोकळीकच पुढे नडली. अनेकांनी मूळ घर पाडून मजले चढवले, आणि शेजारच्या अंगणातलं ऊन गेलं.

तारामध्ये एकट्याने असं काही करणं अवघड, कारण तुमचं छत म्हणजे वरच्याची जमीन. मला विचाराल तर पाऊस सोसूनही मी बेलापूरच घेईन. तुळशीला माती लागते.