फर्लर अडकला की आधी वर बघा: कोकण किनाऱ्यावरच्या एका मोसमाचा अनुभव

बोट ३० फुटी, पुढचं शीड १३५ टक्क्यांचा जेनोआ (डोलकाठीच्या मागेपर्यंत जाणारं मोठं शीड). फर्लर, म्हणजे शीड गुंडाळणारी यंत्रणा, नेहमीचाच: खाली एका दोराचा ड्रम, फोरस्टेवर (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेवर) अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल (शीड ज्याच्याभोवती गुंडाळतं ती पोकळ पट्टी), वर हॅलयार्डचा (शीड वर चढवणाऱ्या दोराचा) स्विव्हल, म्हणजे फिरता जोड. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरली तेव्हापासून मे अखेरपर्यंत मांडवा ते मालवण या पट्ट्यात तो वापरला. इकडे सकाळी मतलई वारा मंद आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा जोर धरतो, त्यामुळे शीड जवळजवळ रोज अर्धंमुर्धं गुंडाळावं लागतं. आमचं मत: यंत्रणा उत्तम आहे, आणि तिच्या नावावर खपणारे बहुतेक बिघाड बसवणीतले असतात.

गुंडाळी अर्ध्यावर अडकली की सगळे ड्रमवर वाकतात. दोष बहुधा डोलकाठीच्या टोकाला असतो. स्विव्हलचा खालचा भाग शिडाबरोबर फिरतो आणि वरचा भाग स्थिर राहायला हवा. हॅलयार्ड फॉइलला जवळजवळ समांतर जात असेल तर वरचा भागही ओढला जातो आणि हॅलयार्ड फॉइलभोवती वेढे घेतो. अशा वेळी ड्रमचा दोर, म्हणजे फर्लिंग लाइन, विंचवर (दोर ओढायच्या चक्रावर) घेऊन ताकद लावली की फॉइल पिळतं, कधी फोरस्टेच्या तारेची वीणच उलगडते. फर्लिंग लाइन हाताने ओढली जात नसेल तर विंचला हात लावायचा नाही, हा नियम बोटीवरच्या प्रत्येकाला पाठ हवा.

उपाय असा. शीड पूर्ण चढवून दुर्बिणीतून वर बघा. हॅलयार्ड फॉइलपासून मागे, डोलकाठीकडे, साधारण ८ ते १० अंशांचा कोन करून जायला हवा. शीड आखूड असेल तर स्विव्हल खालीच राहतो आणि कोन मिळत नाही. मग शिडाचं डोकं आणि स्विव्हल यांच्यामध्ये डायनीमाचा (न ताणणाऱ्या बळकट दोराचा) किंवा स्टेनलेस तारेचा तुकडा घाला. लांबी मोजून घ्या, कारण स्विव्हल फॉइलच्या वर निसटला तर दुसरंच संकट. डोलकाठीची रचनाच तशी असेल तर हॅलयार्ड मागे दाबून धरणारा रिस्ट्रेनर बसवावा लागतो. मोकळा असलेला दुसरा हॅलयार्डही गुंडाळीत सापडतो. तो डोलकाठीच्या बुडाशी बांधून टाका.

हॅलयार्ड किती ताणायचा? शिडाच्या पुढच्या कडेवरच्या आडव्या सुरकुत्या जाईपर्यंत, बस. जास्त ताणला की बेअरिंगवर भार येतो आणि फिरणं जड होतं. उलट बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारी तार) सैल असेल तर फोरस्टेला झोल येतो, फॉइल वाकतं, आणि तेही फिरताना अडतं. गुंडाळण्याआधी बॅकस्टे घट्ट करा. शिवाय बोट थोडी वाऱ्याखाली वळवून जेनोआ मोठ्या शिडाच्या आडोशाला घ्या, म्हणजे निम्मी मेहनत वाचते.

आता ड्रम. दोर ड्रमच्या मध्यावर, फोरस्टेशी काटकोनात आत जायला हवा. पहिली कप्पी चार बोटं वरखाली असली तरी वेढे एका बाजूला साचतात आणि एकमेकांखाली रुततात. शीड उघडताना दोर नुसता सोडून दिला तरी तेच होतं. शेवटच्या स्टँचनवर (कठड्याच्या खांबावर) रॅचेट कप्पी (एकाच दिशेने मोकळी फिरणारी) लावली की दोरावर आपोआप थोडा ताण राहतो. सगळ्या सुट्या भागांत आम्हाला हीच खरेदी सर्वांत सार्थकी लागलेली वाटली. शीड गच्च गुंडाळून वर शीटचे (शिडाचा मागचा कोपरा ओढणाऱ्या दोराचे) दोन-तीन वेढे बसल्यावरही ड्रमवर तीन-चार वेढे शिल्लक हवेत. जोराच्या वाऱ्यात गुंडाळी घट्ट बसते, दोर जास्त लागतो. बंदरात पुरला म्हणून बाहेर पुरेलच असं नाही. ८ मिमीचा दोर ड्रममध्ये मावत नसेल तर ड्रममध्ये राहणाऱ्या भागातला गाभा काढून टाका, नुसतं आवरण ठेवा.

बेअरिंगच्या बाबतीत मात्र कोणाचा सल्ला डोळे झाकून ऐकू नका. हार्केन कंपनीच्या फर्लरमधल्या टॉर्लॉन (कठीण प्लॅस्टिक) गोळ्यांना गोडं पाणी हवं, ग्रीस नको; ग्रीसमध्ये मीठ आणि कचरा धरून राहतो. फर्लेक्सच्या स्टेनलेस गोळ्यांना ग्रीस लागतंच. प्रोफर्लची बेअरिंगं सीलबंद असतात. जेटीवर गोडं पाणी मिळेलच असं नाही, म्हणून २० लिटरचा कॅन बरोबर ठेवावा. वरचा स्विव्हल महिन्यातून एकदा खाली उतरवून धुवावा. ड्रम सगळे धुतात, त्याला विसरतात.

समुद्रावर शीड उघडंच अडकलं तर हॅलयार्ड थोडा सैल करा, आधी उलट फिरवून वेढा सुटतो का बघा. नाहीच सुटला तर बोट वाऱ्याच्या दिशेने पळती ठेवून, शीट सोडवून, शिडाचा मागचा कोपरा हाताने फोरस्टेभोवती फिरवत गुंडाळायचा. दोन माणसं लागतात, आणि दोघांनाही हार्नेस.

एक तक्रार आहे, पण ती सगळ्याच फर्लरबद्दल: एक तृतीयांशाहून जास्त गुंडाळलं की शिडाचा आकार पार जातो. शीटची कप्पी पुढे सरकवल्याने थोडं सावरतं, इतकंच.

पावसाळ्याआधी शीड उतरवाच. गुंडाळलेलं शीड वादळात सुटलं तर डोलकाठीही जाते. उतरवलेल्या शिडाच्या उन्हाच्या पट्टीची (गुंडाळलेल्या शिडाला उन्हापासून झाकणाऱ्या कापडाची) शिवण नखाने ओढून बघा. आपल्या उन्हात कापडाआधी धागा कुजतो, आणि जून-जुलैत शिवून घ्यायला वेळ असतो. त्याच वेळी फॉइलच्या जोडांवरचे स्टेनलेस स्क्रू काढून, अ‍ॅल्युमिनियमशी गंजून धरू नयेत म्हणून टेफ-जेल लावून परत बसवा. फॉइलआड दडलेली फोरस्टेची तार आणि तिची दोन्ही टोकं रिगरकडून (डोलकाठी आणि तारांच्या कारागिराकडून) तपासून घ्यायची तीही आताच, बोट वर असताना.