वस्तीवरची द्विशिक्षकी शाळा की गावातली केंद्रशाळा?

आमच्या बीडच्या डोंगरपट्ट्यात लेकराचं नाव पहिलीत घालायचं म्हटलं की दोन शाळा समोर येतात, आणि दोन्ही जिल्हा परिषदेच्याच. एक घराजवळची, वस्तीवरची, चौथीपर्यंतची. दुसरी तीन किलोमीटरवर मोठ्या गावातली केंद्रशाळा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातली मुख्य शाळा, सातवीपर्यंतची. पुस्तकं दोन्हीकडं बालभारतीची, गणवेश तोच, खिचडीही तीच. माझी लेक दोन्हीकडं शिकली आहे, म्हणून ज्यांना येत्या जूनमध्ये ठरवायचं आहे त्यांच्यासाठी लिहितो.

वस्तीवरच्या शाळेचा पट 19, केंद्रशाळेचा 160 च्या आसपास. शिक्षण हक्क कायद्यात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेत आणि साधारण 30 मुलांमागं एक. कागदावर वस्तीचं पारडं जड दिसतं. पण तिथं एका खोलीत पहिली-दुसरी आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी बसते. केंद्रशाळेत प्रत्येक वर्गाला वेगळी खोली आहे. मात्र सात वर्गांना सहाच शिक्षक, त्यामुळं तिथंही रोज कुठले तरी दोन वर्ग एकत्र बसतातच.

मुलं कोणाची, हेही बघावं लागतं. व्यापारी आणि नोकरदार यांची लेकरं केव्हाच तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसली. राहिली ती अल्पभूधारकांची आणि ऊसतोड कामगारांची. दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि वस्तीच्या शाळेत हजेरी निम्म्यावर येते. आजी-आजोबा घरी असतील तर लेकरू मागं राहतं, नाहीतर फडावर जातं. केंद्रशाळेच्या गावात आई-बाप तोडीला गेलेल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह चालतं, त्यामुळं तिथली गळती कमी आहे. तुम्ही स्वतः कोयत्यावर जाणार असाल आणि घरी म्हातारं माणूस नसेल, तर पुढचं वाचायची गरज नाही, केंद्रशाळेतच घाला. लेकराचं वर्ष वाचेल.

आम्ही जात नाही. तरी मी लेकीला पहिलीला केंद्रशाळेतच घातलं होतं. इमारत मोठी, भिंती रंगवलेल्या, डिजिटल वर्ग, गॅदरिंग. बाई चांगल्या होत्या, आजही त्यांच्याबद्दल तक्रार नाही. दुसरीच्या दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी मी तिला पुस्तक वाचायला सांगितलं. ती घडाघडा म्हणायला लागली. एक शब्द अडला नाही. मी कौतुकानं पुस्तकात डोकावलो तर बोट दुसऱ्या ओळीवर आणि तोंडात चौथी ओळ. पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाक्य आलं. मी मधलाच एक शब्द झाकून विचारला, ‘हे काय आहे?’ ती माझ्याकडं बघत राहिली. पोरीला सगळा धडा पाठ होता आणि जोडाक्षर सोडाच, काना-मात्राही लागत नव्हती.

शाळेत जाऊन विचारलं. वर्गात 34 मुलं. धडा सगळ्यांनी एका सुरात म्हणायचा. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या मागं बाकीचे. एकेकट्याकडून वाचून घ्यायला तास पुरत नाही, असं बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. शेजारच्या वर्गाला शिक्षक नसला की तीही मुलं त्यांच्याच खोलीत येत. दोन महिन्यांत माझ्या लेकीनं एकटीनं एकही ओळ वाचून दाखवली नव्हती, आणि हे कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतंच. माझ्या मनातून ती शाळा त्या दिवशी उतरली. मुलांना वाचता-गणित करता येतं का हे देशभर तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत मुलाला समोर बसवून दुसरीचा उतारा वाचायला देतात, ते का, हे मला तेव्हा कळलं. घोळक्यातलं वाचन हे वाचन नसतं.

दाखला काढून तिला वस्तीवर आणलं. तिथले गुरुजी परिपाठ झाला की मुलांना एकेक करून टेबलाजवळ बोलावतात. पाच ओळी. अडलं की थांबतात, सांगत नाहीत. मुलं कमी म्हणून हे जमतं, हे उघड आहे. होळीपर्यंत ती अडखळत का होईना, किराणाच्या पुडीच्या कागदावरची बातमी वाचायला लागली. एका लेकराचा हा अनुभव, सगळीकडं असंच होईल असं मी म्हणणार नाही.

वस्तीच्या शाळेचं दुखणंही सांगतो. दोनपैकी एक गुरुजी शिक्षण परिषदेला, मतदार यादीच्या कामाला किंवा पंचायत समितीत गेले की चारही वर्ग एकाच माणसाच्या अंगावर येतात, आणि असे दिवस महिन्यात बरेच असतात. चांगल्या गुरुजींची बदली झाली तर सगळं चित्र पालटू शकतं. पट विसाच्या आत असला की दुसऱ्या पदाचं काय होणार, ही धाकधूक दरवर्षी संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, वेळी असते. खेळ, ग्रंथालय, नवोदयची तयारी यांत केंद्रशाळा कितीतरी पुढं आहे, आणि पाचवीला तिथं जावंच लागतं. ज्याला वाचता येतं त्या मुलाला तिथं फुलायला जागा आहे. माझी लेकही जाईल.

म्हणून पहिली ते चौथीपुरतं माझं मत वस्तीकडं झुकतं. लहान शाळा म्हणजे कमी प्रतीची, हा समज धरू नका; 2020 चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळवणारे रणजितसिंह डिसले सोलापूरच्या परितेवाडीसारख्या छोट्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकवत होते. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. न सांगता सकाळी अकराच्या सुमारास दोन्ही शाळांत जा, दुसरीतल्या कुठल्याही पोराला न शिकवलेलं पान उघडून द्या आणि त्याच्या बोटाकडं बघा.

धाकट्याचं नाव यंदा घालायचं आहे. त्याच्या जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स वस्तीच्या गुरुजींकडं आधीच देऊन ठेवली आहे.