बाळाचं रक्त कमी: नाचणी, अंगणवाडीची बाटली की मेडिकलमधलं सिरप?

नाशिकच्या पंचवटीत मेडिकल दुकानाच्या काउंटरवर हा प्रसंग मला आठवड्याला दोनदा तरी दिसतो. कडेवर सव्वा वर्षाचं, फिकट पडलेलं बाळ आणि हातात रिपोर्ट, हिमोग्लोबिन 8.6 ग्रॅम. आई चिठ्ठी पुढे करते आणि लगेच विचारते, "ताई, औषध सुरू करूच का? की महिनाभर नाचणी-खजूर देऊन बघू?" मागून आजी म्हणतात, "एवढ्याशा जिवाला कशाला औषधं!"

आजींची काळजी खरी आहे, पण हिशोब वेगळा आहे. दहा किलोच्या बाळाला लोहाच्या कमतरतेवर उपचार म्हणून दिवसाला किलोमागे साधारण 3 मिलिग्रॅम, म्हणजे 30 मिलिग्रॅम लोह लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत असतं साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढं लोह नाचणीतून द्यायचं तर रोज साडेसहाशे ग्रॅम पीठ लागेल, आणि धान्यातलं लोह आतड्यात थोडंच शोषलं जातं. नाचणी उत्तमच, पण तिची खरी श्रीमंती कॅल्शियमची. बिटाचा लाल रंग आणि चमचाभर गूळ यांवर तर अजिबात विसंबू नये.

मग आहार कशासाठी? कमतरता होऊ नये म्हणून, आणि भरून निघालेली टिकावी म्हणून. सहा महिन्यांनंतर बाळाचा जन्मजात साठा संपत येतो आणि आईच्या दुधातलं लोह एकटं पुरत नाही. तिथे बाजरी, डाळी, पालेभाज्या हव्यात. घरात चालत असेल तर चिकन, मटण, कलेजी नीट शिजवून, बारीक करून द्यावी, कारण मांसातलं लोह कितीतरी सहज शोषलं जातं. सोबत लिंबू पिळा किंवा पिकलेला पेरू, बिया काढून, कुस्करून द्या. द्राक्षांचा अभिमान मलाही आहे, पण क जीवनसत्त्वात पेरू त्यांच्या कितीतरी पुढे. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकतं, म्हणून ते उभं चिरूनच द्यावं.

आणि दूध! मला सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते यावर. दिवसभर गाई-म्हशीच्या दुधाच्या बाटलीवर असलेल्या बाळाला भूकच लागत नाही. दुधात लोह नगण्य, वर त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोह अडवतं. वर्षाच्या आत ते मुख्य अन्न म्हणून नकोच, आणि नंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. चहा तर मुळीच नको.

अंगणवाडीताई किंवा आशाताई देतात ती बाटली मोफत असते, म्हणून ती हलकी समजू नका. तिच्या एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड असतं. पण आठवड्यातून दोनदा 1 मिलि हा डोस प्रतिबंधाचा आहे. आठवड्याचे झाले 40 मिलिग्रॅम. वर सांगितलेल्या उपचाराचे होतात 210. निरोगी बाळाला ती जरूर द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली होती. मात्र 8.6 वर तेवढ्याने भागत नाही.

आता दुकानातल्या बाटल्या. एका बाजूला फेरस सल्फेट, फ्युमरेट, ॲस्कॉर्बेट असे लोहाचे क्षार. चव कडवट, दात तात्पुरते काळपट होतात. दुसऱ्या बाजूला गोडसर पॉलिमाल्टोज, म्हणजे कर्बोदकाशी बांधलेलं लोह, जेवणासोबतही चालणारं. आयांचा कल गोडाकडे असतो. पण 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत 80 लहान मुलांना 12 आठवडे औषध देऊन फेरस सल्फेट आणि पॉलिमाल्टोजशी मिळतंजुळतं पॉलिसॅकराइड लोह यांची तुलना करून पाहिली. फेरस सल्फेटवर सरासरी हिमोग्लोबिन 7.9 वरून 11.9 वर गेलं, पॉलिसॅकराइड लोहावर 7.7 वरून 11.1 वर. जुलाबही पॉलिसॅकराइड लोहावरच जास्त झाले. म्हणून माझं मत आधी क्षाराच्या बाजूने. बाळ रोज उलटीच करत असेल, तर कपाटात पडून राहिलेल्या बाटलीपेक्षा पोटात जाणारं पॉलिमाल्टोज बरं, पण बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

ड्रॉप्स आणि सिरप यांची अदलाबदल मात्र कधीच करू नका. लेबलवर 'एलिमेंटल आयर्न', म्हणजे प्रत्यक्ष लोह, किती मिलिमागे किती आहे ते वाचा. ड्रॉप्स सहसा बरेच तीव्र असतात. दुधापासून वेळ लांब ठेवा. शी काळी झाली तर घाबरू नका. बाटली कुलपात ठेवा, कारण मोठ्या भावंडाने गोड म्हणून ती पिऊन टाकली तर लोहाची विषबाधा जीवघेणी ठरू शकते.

हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर यातलं काहीच निवडत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. उलट दोन वर्षांखालच्या बाळाचं 10.7 आलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या नव्या मर्यादेनुसार, म्हणजे 10.5 नुसार, तो रक्तक्षय धरत नाहीत. तिथे आहार आणि अंगणवाडीची बाटली पुरेल का, हे डॉक्टरांशी बोला. नियमित औषध देऊनही महिनाभरात साधारण एक ग्रॅम वाढ दिसली नाही, तर नुसता डोस वाढवणं चूक. थॅलेसिमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी हवी, आणि सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी भागातल्या कुटुंबांनी सिकलसेल या तशाच आजाराचीही आवर्जून करावी.

रिपोर्ट 11 आला की बहुतेक घरांत बाटली बंद होते. साठा तेव्हा रिकामाच असतो, तो भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. म्हणून मी खोक्यावर पेनाने दोन तारखा लिहून देते: पहिली चार आठवड्यांनंतरच्या तपासणीची, आणि दुसरी, डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे, त्या आधी औषध बंद करायचं नाही अशी.