मोटारीतला टायर इन्फ्लेटर: मायलेजमध्ये खरोखर किती फरक पडतो?

लायटर सॉकेटला जोडून वापरायचा बारा व्होल्टचा टायर इन्फ्लेटर, म्हणजे टायरमध्ये हवा भरण्याचा छोटा पंप, दीड ते अडीच हजार रुपयांत मिळतो, आणि ‘मायलेज वाढवा’ हे आश्वासन त्याच्या खोक्यावर बहुधा ठळक छापलेले असते. फोंडा ते पणजी अशी नित्य ये-जा करणाऱ्या माझ्या पेट्रोल हॅचबॅकसाठी घेतलेल्या डिजिटल इन्फ्लेटरने एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिला आहे. तो घेण्याजोगा आहे असे माझे स्पष्ट मत झाले आहे, मात्र त्याची कारणे खोक्यावरच्या कारणांहून थोडी वेगळी आहेत.

टायरमध्ये किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेले असते, आणि तो आकडा थंड टायरसाठी, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतरचा असतो. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा कमाल दाबाचा असतो. तो प्रमाण मानून हवा भरू नये. आपण पेट्रोल पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापलेले असतात, तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआयने (पीएसआय हे दाब मोजण्याचे एकक) वाढतो, आणि त्यामुळे तिथे बरोबर दिसणारा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी कमी भरतो. शिवाय पंपावर हवा भरणारा मुलगा गाडी कोणतीही असो, चारही चाकांत सरसकट ३५ भरून मोकळा होतो, हा अनुभव गोव्यात बऱ्याच जणांना आला असेल. घराच्या आवारात, गाडी सुरू करण्यापूर्वी, थंड टायरचा दाब पाहता येणे हीच या यंत्राची खरी किंमत आहे.

वापरायला ते सोपे आहे. हवा तो दाब आधी निवडून बटण दाबले की तेवढा दाब होताच यंत्र आपोआप बंद होते. चार-पाच पीएसआय वाढवायला एका चाकाला दोन-तीन मिनिटे लागतात. नळी व्हॉल्व्हवर आट्यांनी बसते, त्यामुळे काढताना थोडी हवा फुस्सकन निघून जाते. म्हणून मी एक पीएसआय जास्तच भरतो. टायरच्या दुकानातील मीटरशी ताडून पाहिले तेव्हा एका पीएसआयहून अधिक फरक आढळला नाही. उणिवा मात्र आहेत. वायर मागच्या चाकापर्यंत जेमतेम पोहोचते, आवाज इतका होतो की पहाटे शेजाऱ्यांची झोप मोडावी, आणि चारही चाके सलग भरल्यास यंत्र चटका बसण्याइतके तापते, त्यामुळे मध्ये त्याला विश्रांती द्यावीच लागते.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार चारही टायरांतील सरासरी दाब एक पीएसआयने उतरला की मायलेज सुमारे ०.२ टक्क्याने घटते. म्हणजे पाच पीएसआय कमी असतील तर एक टक्का. महिन्याला सहा हजार रुपयांचे पेट्रोल जाळणाऱ्याचे त्यातून ६० रुपये वाचतील आणि दोन हजारांचे यंत्र निव्वळ इंधनातून वसूल व्हायला अडीच वर्षांहून अधिक काळ लागेल. हा हिशेब लहान वाटला तरी तो खरा आहे, आणि कमी हवेमुळे टायरच्या दोन्ही कडा लवकर झिजतात तो खर्च यात धरलेलाच नाही. चार टायरांचा संच बदलण्याचा खर्च पाहता मला ती बचत अधिक महत्त्वाची वाटते.

मायलेजच्या लोभाने स्टिकरपेक्षा बरीच जास्त हवा भरणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगावेसे वाटते की असे करू नका. जास्त हवेने टायरचा रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो, आणि पावसाळ्यात बाणस्तारीच्या बाजूला तांबडी माती वाहून आलेल्या ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना तोच भाग आपल्याला सांभाळत असतो.

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलमुळे मायलेजमध्ये झालेली घटही या यंत्राने भरून निघणार नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज ई-२० मुळे सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला आहे. ही घट दिसली की पेट्रोलच्या नळीवर बसवायचे चुंबक आणि तत्सम वस्तू घेण्याचा मोह होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली आणि त्यांपैकी अगदी मोजक्यांनीच किंचित फरक दाखवला. त्यांवर पैसे घालण्यापेक्षा महामार्गावरचा वेग ताशी शंभरवरून सत्तरवर आणला तर फुकटात कितीतरी अधिक पेट्रोल वाचेल.

विकत घेताना काट्याच्या मीटरचा स्वस्त नमुना टाळावा, ठरलेल्या दाबाला आपोआप बंद होणारा घ्यावा आणि वायर किमान तीन मीटरची आहे याची खात्री करावी. आणि महिन्यातून एकदा चार चाके तपासताना डिकीतली स्टेपनीही पाहावी. चोर्ला घाटात पंक्चर झाल्यावर तिच्यात हवा नसल्याचे कळणे फार महागात पडते.