जुन्या मॅसी १०३५ ला मागची क्रेन आणि काटे : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमची मॅसी फर्ग्युसन १०३५ अण्णांनी १९८४ साली घेतली. नांगरट आणि रोटाव्हेटर आता दुसऱ्या ट्रॅक्टरवर असतं, त्यामुळे गेली तीन-चार वर्षं मॅसीकडे फक्त ट्रॉलीचं काम उरलं होतं. गेल्या मृगाच्या आधी मी तिच्यासाठी दोन जोड करून घेतले. एक मागच्या तीन पॉइंटला, म्हणजे दोन खालचे हात आणि वरची टॉप लिंक यांना लागणारी क्रेन, जिला आमच्याकडे सगळे बूम म्हणतात, आणि दुसरे कॅरेट-पोती उचलायचे काटे. द्राक्षाची छाटणी, खतं आणि आता काढणी, एवढं सगळं त्यांच्यावर झालं. जुन्या ट्रॅक्टरला असे जोड घ्यावेत का, हे मला बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

घ्यावेत. पण जुनी लिफ्ट, म्हणजे हे खालचे हात वर घेणारी हायड्रोलिक, उचलायला वापरा, धरून ठेवायला नको. मला हे समजायला चार महिने आणि एक वाईट प्रसंग लागला.

बूमपासून सुरू करतो. ऐंशी किलोची, चौकोनी पाइपची, तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये बनवलेली. हुक अडकवायला तीन ठिकाणी भोकं आहेत. आली तेव्हा खालच्या पिना २८ मिलिमीटरच्या होत्या आणि आमच्या खालच्या हातांच्या बॉलला २२ ची पिन लागते. पिना बदलून घेतल्या. टोकाच्या हुकाचं वेल्डिंगही वरवरचं होतं, ते माझ्या समोर घासून पुन्हा करून घेतलं. बनवून घेणार असाल तर आधी स्वतःच्या ट्रॅक्टरची पिन मोजून न्या, आणि हुकाला तोंड बंद करणारी जीभ हवीच असा आग्रह धरा, म्हणजे साखळी ढिली पडली तरी निसटत नाही.

पहिल्याच आठवड्यात जुन्या बागेतले दगडी खांब काढले. आधी खांबाला चार माणसं लागायची आणि संध्याकाळी सगळ्यांच्या कमरा धरलेल्या असायच्या. आता साखळीचा फास, लिफ्टचा लिव्हर हळूच वर, खांब मातीतून सुटतो. कोणाच्या पायावर दगड पडायची भीती नाही. त्या दिवशी अण्णा बांधावर खुर्ची टाकून दिवसभर बसून होते. ट्रॅक्टर पुन्हा कामाला लागला याचा त्यांना जो आनंद झाला, त्याची किंमत मी यात धरलेली नाही.

आता तो प्रसंग. भाद्रपदात विहिरीवरची जुनी मोटर आणि तिचा लोखंडी सांगाडा बूमच्या टोकाला लावून घराकडे निघालो होतो. मधे एक छोटा बांध. मागची चाकं खालीच होती, पुढची बांधाच्या चढाला लागली आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. डावीकडे वळवलं तर ट्रॅक्टर सरळच. पुढची दोन्ही चाकं वीतभर हवेत होती. क्लच दाबून ब्रेक लावला, मग लिव्हर खाली करून ओझं जमिनीवर टेकवलं तेव्हा चाकं परत खाली आली. माझा पुतण्या मडगार्डवर बसला होता. त्या दिवसापासून मडगार्डवर कोणी बसत नाही, हा घरातला नियम आहे.

घरी येऊन मॅन्युअल काढलं. लिफ्टची क्षमता ११०० किलो, आणि माझं ओझं जेमतेम तीनशे. मग चूक कुठे? तो ११०० चा आकडा खालच्या हातांच्या टोकाशी मोजलेला असतो. बूमचं टोक त्याच्याही दीड मीटर मागे. आणि लिफ्टमध्ये ताकद असली तरी पुढच्या चाकांवर मुळात वजन किती आहे, याचा त्या आकड्याशी काहीच संबंध नाही.

म्हणून ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेला आणि फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवली. काटेवाल्यांनी सहा-सात वेळा वजन करू दिलं, त्यांचे उपकार. नुसत्या ट्रॅक्टरची पुढची चाकं ६४० किलो. मागे रिकामी बूम लावली की ५७०. टोकाच्या भोकात युरियाच्या सहा गोणी टांगल्या, म्हणजे ४५ किलोप्रमाणे २७०, तर काटा २१० वर आला. गोणी २७० किलोच्या, पण पुढचं वजन ३६० नं कमी झालं! कारण सरळ आहे. मागचा आख हा तराजूचा मधला टेकू समजा. गोणी त्याच्या सुमारे २.४ मीटर मागे आणि पुढचा आख १.८ मीटर पुढे. त्याच गोणी आखापासून १.६ मीटरवरच्या, सगळ्यात जवळच्या भोकात लावल्या तर पुढे ३३० किलो राहिले. फरक फक्त भोकाचा.

मग पुढच्या बंपरला २५ किलोच्या चार प्लेटा टांगल्या. काट्यावर शंभर नव्हे, १४० किलो वाढलं, कारण प्लेटा पुढच्या आखाच्याही पुढे असतात. मागे बूम किंवा काटे असले की प्लेटा आता पुढे असतातच. चढ आला की ओझं घेऊन रिव्हर्समध्ये चढतो, उतारावर सरळ उतरतो, म्हणजे ओझं कायम चढाच्या बाजूला राहतं. आणि चालताना ओझं जमिनीपासून वीतभरच वर. झोका कमी बसतो आणि काही झालंच तर ते लगेच टेकतं.

आता धरून ठेवण्याबद्दल. श्रावणात लक्षात आलं की ओझं उचलून थांबलो की बूमचं टोक दोन बोटं खाली येतं, परत वर जातं, परत खाली. फिटर याला लिफ्ट डुलक्या देते असं म्हणतात. आत कुठेतरी तेल गळतं, हात खाली येतात, पंप ते भरून काढतो, पुन्हा गळतं. इंजिन बंद केलं तर दहा मिनिटांत टोक हातभर खाली. चाळीस वर्षांच्या कामानंतर हे होणारच. वरचं कव्हर उघडून पिस्टनची रिंग, सिलिंडरच्या आणि उभ्या पाइपच्या ओ-रिंगा बदलल्या, जाळी धुतली, तेल बदललं. तेल काढलं तेव्हा ते चहासारखं पांढुरकं होतं, म्हणजे पाणी शिरलेलं. गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचं तेल या ट्रॅक्टरला एकच, तेव्हा ते पाणी गिअरनाही खात होतं. आता डुलक्या बंद झाल्या आणि अर्ध्या तासात टोक दोन बोटं उतरतं. एकानं रिलीफ व्हॉल्व्हखाली, म्हणजे जादा दाब सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हखाली, वॉशर टाकून दाब वाढवून देतो म्हटलं, मी नको म्हणालो. तो व्हॉल्व्ह पंप आणि कव्हर वाचवण्यासाठीच आहे, आणि माझी अडचण ताकदीची नव्हतीच.

तरीसुद्धा लिफ्टवर टांगलेल्या ओझ्याखाली आम्ही हात घालत नाही. उचलायचं, हव्या त्या जागी न्यायचं, खाली लाकडी ठोकळे लावायचे, त्यावर टेकवायचं, मग काम करायचं. रोटाव्हेटरची पाती बदलतानाही हेच. मॅसी फर्ग्युसन या नावातले हॅरी फर्ग्युसन यांनी तीन पॉइंट आणि हायड्रोलिकची जी पद्धत बसवली, ती हलक्या ट्रॅक्टरला नांगर ओढता यावा म्हणून. नांगर वळणावर उचलायचा, तासाला पुन्हा सोडायचा. तासन्‌तास ओझं अधांतरी धरणं तिच्या कामात नव्हतं. इंग्लंडच्या कोव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या त्यांच्या छोट्या करड्या ट्रॅक्टरलाही मागची क्रेन मिळायची, म्हणजे कल्पना काही नवी नाही. आपली १०३५ त्याच घराण्यातल्या एमएफ ३५ ची वारस, चेन्नईच्या टॅफे कंपनीनं इथे बनवलेली.

या घराण्याची एक खोड नव्या माणसाला माहीत नसते. पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवर फिरतो. पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला असेल तर लिफ्ट हलतच नाही. शेजारचे काका बूम मागून घेऊन गेले आणि लिफ्ट गेली म्हणून त्यांनी फोन केला, तेव्हा एवढंच निघालं. त्याचा उलटा अर्थ जास्त महत्त्वाचा. लिफ्ट चालू आहे म्हणजे मागे पीटीओ फिरतोय, आणि साखळी अडकवणारा माणूस नेमका तिथेच वाकलेला असतो. पीटीओच्या टोकाला टोपी लावल्याशिवाय बूम जोडू नका. धोतर, पंचा, साडीचा पदर, काहीही चालणार नाही. आमच्या ट्रॅक्टरला डबल क्लच आहे, अर्धा दाबला तर चाकं थांबतात आणि लिफ्ट चालू राहते, पूर्ण दाबला की दोन्ही थांबतं. इंचाइंचानं ओझं बसवताना पाय अर्ध्यावर ठेवायची सवय करावी लागते.

लिव्हर दोन आहेत. ड्राफ्टचा नांगराच्या ओढीप्रमाणे लिफ्ट वर-खाली करतो, पोझिशनचा ठरवलेली उंची धरतो. बूमला ड्राफ्टचा लिव्हर वर ठेवून द्यायचा आणि सगळं काम पोझिशनच्या लिव्हरवर करायचं. तो ट्रान्सपोर्टच्या खुणेपलीकडे रेटला तर पंप सारखा दाब देत राहतो आणि रिलीफमधून तेल कर्कश आवाज करत सुटतं. तो आवाज आला की लगेच मागे घ्या. टॉप लिंककडेही बघा. नांगरताना ती दाबली जाते, बूमला मात्र ती ताणली जाते. आमची वरची पिन एका बाजूनं झिजलेली होती, नांगराला कधी जाणवलं नव्हतं, बूम लावल्यावर प्रत्येक उचलीला खट् असा आवाज यायचा. नवी टाकली.

काट्यांबद्दल थोडक्यात. ते ट्रॅक्टरच्या अगदी जवळ असतात, म्हणून तेवढ्याच ओझ्याला पुढचं वजन बूमच्या टोकापेक्षा कमी उडतं. डीएपीच्या आठ गोणी शेडमधून बागेपर्यंत सहज जातात. काढणीत वीस-वीस कॅरेट एका खेपेला बागेतून पॅकिंगच्या शेडला आणले, मणी झडणं कमी झालं, कारण ट्रॉलीचे हादरे नाहीत. उंची मात्र कमी मिळते. ट्रकच्या फळीपर्यंत माल जात नाही, ते हातानंच चढवावं लागतं. खालच्या हातांच्या चेन घट्ट ठेवल्या नाहीत तर काटे डावी-उजवीकडे हलतात आणि ओळीतल्या खोडांना लागतात. दोन खोडांची साल माझ्या हातून गेली आहे.

पुढचा लोडर लावू का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही असंच आहे. आमच्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग नाही, पुढचा आख हलका, आणि पंप एकच. लोडर भरला की ते स्टिअरिंग माझ्या हातानं फिरणार नाही, अण्णांच्या तर नाहीच.

खर्च सांगतो. बूम साडेदहा हजार, काटे नऊ, लिफ्टची दुरुस्ती तेलासकट त्याहून थोडी जास्त, प्लेटा जुन्या मिळाल्या. दुरुस्तीचे पैसे जोड घेण्याआधी बाजूला काढा, माझ्यासारखे नंतर नको. सध्या बूम शेडमध्ये उभी आहे आणि टोकाचं भोक मी बोल्ट घालून बंद केलं आहे. मधलं आणि जवळचं, एवढी दोनच वापरतो. एप्रिल छाटणी झाली की उरलेले चाळीस खांब काढायचे आहेत.