१९११ च्या दिल्ली दरबाराचं मेडल घेणार असाल तर

जुनी मेडल्स जमवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. १९११ चा दिल्ली दरबार म्हणजे पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाचा सोहळा. त्या दरबाराचं चांदीचं मेडल म्हणून मला जे विकलं गेलं, ते बनावट निघालं. बावीस हजार रुपये गेले.

विक्रेत्याचं सगळं बोलणं कडेवर कोरलेल्या नावाभोवती फिरत होतं. एका संस्थानाच्या दिवाणांचं नाव, सोबत पिवळ्या कागदावर घराण्याचं पत्र. पण दरबाराची ही पदकं सरकारने बिननावाचीच दिली. काहींनी नंतर पदरच्या पैशांनी नाव कोरून घेतलं, हेही खरं. म्हणूनच ही थाप पचते. तेव्हा अक्षरांच्या खाचा भिंगाखाली बघा. जुन्या कोरीवकामात खाचेतली चांदीही काळवंडलेली असते. माझ्याकडे आलेलं मेडल वरून काळंकुट्ट, खाचा मात्र लखलखीत. म्हणजे आधी रसायनाने काळं केलं, नाव मागाहून कोरलं.

मेडलही खरं नव्हतं. मूळ पदक ठशाने पाडलेलं, व्यास साधारण ३८.५ मिलिमीटर. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांचे मुकुट, भोवतीचे गुलाब, मागची फारसी अक्षरं, सगळं रेखीव असतं. खऱ्यावरून साचा काढून ओतलेली नक्कल थंड होताना आक्रसते. हे ३८ सुद्धा भरलं नाही. फारसी अक्षरं बोथट, गुलाबांत बारीक छिद्रं, कडेवर कानशीच्या खुणा. लोहचुंबकावर विसंबू नका, जर्मन सिल्व्हरही (तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, यात चांदी नसते) त्याला सहसा चिकटत नाही. पाण्यात वजन करून घनता काढून घ्या. चांदीची घनता घन सेंटिमीटरला १०.५ ग्रॅमच्या आसपास असते. याची ९ च्याही खाली आली.

पैशांपेक्षा मला चीड येते ती त्या नावाची. १२ डिसेंबर १९११ ला, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली तेव्हा, तिथे कोण हजर होतं याचा पुरावा म्हणून आपण ही पदकं जपतो. उद्या कुणी अभ्यासक हे खोटं नाव खरं मानून लिहील, आणि एका घराण्याच्या इतिहासात नसलेला मान कायमचा चिकटेल.

शंभर वर्षांवरच्या अशा वस्तूंचा धंदा करायला १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. मी परवान्याबद्दल विचारलं आणि त्याने फोन उचलणंच बंद केलं. पैसे ऑनलाइन दिले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार नोंदवा.

वजन, व्यास आणि कडेचा पूर्ण फोटो मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. मला आलेले फोटो दुसऱ्याच, खऱ्या मेडलचे होते. नावाचा फोटो वेगळा, तोही इतका जवळून घेतलेला की तो त्याच मेडलचा आहे का, हे कळूच नये.